दिदाची हाक

दक्षता,

मी निघालो. निघाले. आज चूक काढू नकोस. कल्याणहून हावड्याची गाडी आहे, तू क्लासवरून येईपर्यंत थांबले तर चुकेल. मी पोहोचेपर्यंत माझ्या आईला, तुझ्या दिदाला, अग्नी दिल्याशिवाय कोणी ठेवणार नाही, तरी जाते.

भात कुकरमध्ये आहे. कालचं बोंबलाचं कालवण पप्पांच्या आयला गरम करून दे.

सकाळी बातमी आली तेव्हा तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "मम्मी, रविवारी दिदाचा फोन मी उचललेला, तुला सांगायचं राहिलं. ती नुसती आय, आय करत होती. तिला तिची आय आठवत असेल ना?" मी मान हलवली.

आमच्या बंगालीत आय म्हणजे ये. ती मला बोलवत होती.

तुझ्यावर राग नाही. आईला आय म्हणणाऱ्या बाळकुमच्या पोरीला दुसरं काय ऐकू येणार? पोरीला बंगाली नको, असं या घरात ठरलं तेव्हा मीही गप्प बसले. आल्यावर शिकवीन. पहिला शब्द तर तुला आता येतोच.

मम्मी