सोनाजींच्या जबड्यातील खिळ्याची कंपनी व माप कळविणेबाबत

दिनांक : १० जून २०२४

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
आनंदरेखा धर्मादाय दंत रुग्णालय,
छत्रपती संभाजीनगर

विषय : वडिलांच्या वरच्या जबड्यात बसविलेल्या खिळ्याची कंपनी व माप तातडीने कळविणेबाबत.

संदर्भ : १) आपला केसपेपर, दि. १४/१२/२०२३
२) आमचे यापूर्वीचे दोन अर्ज

महोदय,

१. अर्जदाराचे वडील सोनाजी, वय एकसष्ट, मेंढरे राखतात. गेल्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि दिवाळीआधीच चितेगावजवळच्या आमच्या वस्तीवर टँकर सुरू झाला. विहिरीत पाणी सोडताना पाईप निसटला, त्याचे लोखंडी तोंड वडिलांच्या तोंडावर बसले आणि वरचे समोरचे चार दात गेले. भाकर कुस्करून खाता येते. परंतु मेंढरे त्यांच्या शिळेवर वळतात आणि शीळ त्या दातांवरच होती. कवळी करून पाहिली. शीळ घालताच ती निसटून हातात यायची.

२. आपल्याकडील डॉ. तनुजा मॅडम यांनी दंतरोपण नीट समजावून सांगितले. "बाबा, हाडात दोन खिळे बसवू. हाड त्यांना धरायला चार महिने लागतील. मग त्यांच्यावर चारही दात पक्के बसतील." वडील म्हणाले, "म्हंजी मेख. भुईनं धरल्याबिगर तिला दावं लावायचं नाय." मॅडम हसून म्हणाल्या, "व्हय, तसंच." तंबाखूने हाड धरत नाही असे कळताच वडिलांनी चाळीस वर्षांची तंबाखू त्याच दिवशी सोडली. आई मंजुळाबाई यांना आठ दिवस ते खरे वाटले नाही.

३. एप्रिलमध्ये गेलो, तेव्हा मॅडमच्या नेमणुकीची मुदत संपून त्या गेल्या होत्या. नव्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हाडाने खिळे उत्तम धरल्याचे सांगितले. परंतु खिळे कोणत्या कंपनीचे व किती मापाचे, याची चिठ्ठी केसपेपरवर चिकटवलेली नव्हती. प्रत्येक कंपनीच्या खिळ्याची खाच वेगळी. दुसऱ्या कंपनीचा दात त्यावर बसत नाही. क्रांती चौकातील खाजगी डॉक्टरांनीही हेच सांगून परत पाठवले. आमच्या दोन्ही अर्जांवर आपल्या कार्यालयाचा पोचशिक्का आहे. उत्तर नाही.

४. आमच्या गायरानालगतच्या शेतांत आता प्लॉट पडले असून मुरमाचे डंपर दिवसभर धावतात. दि. १३ मे रोजी पाण्याच्या वासाने कळप रस्त्यापलीकडच्या बांधकामाच्या हौदाकडे निघाला. वडिलांनी शीळ घातली. नुसती हवा गेली. ओरडले, पण मेंढरांना ती हाक ओळखीची नव्हती. सात मेंढरे डंपरखाली गेली. त्यांतली दोन गाभण होती. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदार कंपनीत कामावर असताना ते एकटेच आपल्या कार्यालयात गेले. खिडकीवरील लिपिकांनी सांगितले, "नंबर खिळ्यावरच असतो. खिळा काढून आणा, मग बघू." गर्दीत वैतागून ते तसे बोलले असतील, असे आम्ही समजतो. वडिलांना तो वैताग कळला नाही. घरी येऊन आईला म्हणाले, "सायबानं रस्ता सांगितला, लई बरं झालं." पुढच्या सकाळी मेंढरांच्या वाड्यात बसून, खुर कापायच्या चिमट्याने, त्यांनी एक खिळा काढला. हाडाने तो खरोखरच धरला होता. हाडही सोबत आले. आईने पाहिले तेव्हा ते शुद्धीवर होते आणि रक्ताने भरलेल्या तळहातावर खिळ्याचा नंबर शोधत होते.

६. वडील सध्या सरकारी दवाखान्यात आहेत. जबड्यात पू झाला असून नाकातील नळीने अन्न देतात. बोलता येत नाही. आई डबा वाजवत मेंढरे वळवते. दुसरा खिळाही काढावा लागणार आहे. कंपनी कळल्यास तिच्याच हत्याराने तो फिरवून निघण्याची आशा आहे. अन्यथा त्याभोवतीचे हाड कापावे लागेल. डॉक्टर शुक्रवारपर्यंत थांबण्यास तयार आहेत.

तरी खरेदीची नोंद, रिकामी डबी, काहीही पाहून दुसऱ्या खिळ्याची माहिती शुक्रवारपूर्वी द्यावी. दातांबाबतची आमची मागणी आम्ही या अर्जाद्वारे मागे घेत आहोत. लिपिकांवर कारवाई मागत नाही.

वडिलांच्या वतीने, नम्रपणे,
ज्ञानेश्वरी सोनाजी
(मुलगी)

सोबत :
१. केसपेपरची प्रत
२. पोचशिक्का असलेले दोन अर्ज
३. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी
४. खिळा, एक. भिंगातून पाहिला. त्यावर नंबर नाही.