कोरडं जाळं

मंगळवार, संध्याकाळ

धरणातली माशांची बोटाएवढी पिल्लं कोण उपसून राहिलं, काही कळंना. आमच्या मच्छीमार सोसायटीचा नियम हाय, ज्यानं त्यानं आपलं जाळं बांधावरच वाळवायचं, म्हंजी बारीक घरांचं असलं तर सगळ्यांला दिसतं. आज धाकट्या भावाच्या, वसंताच्या जाळ्याला हात लावला. घरं मोठी, बराबर नियमातली. पण जाळं खडखडीत कोरडं. वर कोळिष्टकं! मग रोज सकाळी हा मासे कशानं धरून राहिला?

आत्ता जेवताना ताटात रोहूची पिल्लं. बायकोला इचारलं, "कुठून आणली?"

"वसंत भावजींनी दिली. काहून?"

"काही न्हाई."

ते कोरडं जाळं डोळ्यापुढून हलंना. उद्या सोसायटीत कोणत्या तोंडानं सांगू? सगळी खाल्ली मी. काटेसुद्धा चावले गेले, इतकी कोवळी होती.