चादरीवर खोललेली गिटार आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणार प्रेमराज पितांबर बोरसे, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, मूळ राहणार शिंदखेडा, हल्ली राहणार देवपूर, धुळे, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत या कागदावर लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. परवा नाशिकला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि समोर चादरीवर माझी गिटार पूर्ण खोललेली पडली आहे, म्हणून लिहिताना मी सारखा उठतो आहे. वाक्ये तुटक वाटली तर त्यातून वेगळा अर्थ काढू नये.

कलम १. राहते घर मुलगा किरण व मुलगी सुलक्षणा यांना निम्मे निम्मे. खालचा मजला किरणचा, वरचा सुलक्षणाचा. जिना दोघांचा. जिन्यावरून भांडाल हे मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो की जो आधी भांडेल त्याने जिना झाडावा.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या. त्यांच्या आईचे, म्हणजे माझी दिवंगत पत्नी भागाबाई हिचे दागिने व शिलाई मशीन सुलक्षणाला. मशीनला तेल द्यावे. गिटारीला देऊ नये. हा फरक पुढे येईल.

कलम ३. शेजारी हेमराज चौधरी यांनी माझे वाजवणे सुरू झाले की भिंतीवर जेवढे ठोसे मारले, तेवढे सगळे माफ. त्यांना याहून जास्त काही देणे लागत नाही.

उठून आलो. एक स्प्रिंग कॉटखाली गेली होती. सापडली.

कलम ४. गिटार. ही मांडीवर घ्यायची गिटार नव्हे. टेबलासारखी चार पायांवर उभी राहते. दहा तारा. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची आणि पायाने पायडल दाबायचे. पायडल दाबले की खालची सळई ओढली जाते, तार चढते आणि सूर वळतो. खानदेशात अशी दुसरी मी पाहिली नाही. हिचे चित्र मी काढले आणि नरडाण्याच्या भाईदास वाडिले यांनी लेथवर एकेक भाग कातून दिला. भाईदास टर्नर आणि मी मास्तर. ऑर्केस्ट्रात मी वाजवायचो, तो नटबोल्ट सांभाळायचा. आमचे भावाभावासारखे होते.

किरणने मागच्या दिवाळीत सुचवले की गिटार शोकेसमध्ये ठेवून वर लाइट लावू. त्याला निम्मे घर दिले आहे. गिटार देत नाही.

ती कोणाकडेही गेली तरी साफ करण्याची रीत अशी. आधी तारा सैल करून काढाव्यात. मग पायडल, मग सळया. प्रत्येक सळईला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी, कारण सगळ्या सारख्या दिसतात पण कोणतीही दुसरीच्या जागी बसत नाही. आस व दांड्या पेट्रोलने दातांच्या ब्रशने घासाव्यात. रॉकेल आता मिळत नाही. मग कोरडे फडके. जोडताना आधी आस, मग स्प्रिंगा, मग सळया, तारा अगदी शेवटी. तेल घालायचे नाही. आपल्या भागात हवेत कापसाची तूस उडते, ती तेलाला चिकटते आणि यंत्र जाम होते.

तेलावरूनच आमचे बिनसले. अकरा वर्षांपूर्वी जामनेरला लग्नात वाजवत असताना तिसरे पायडल दाबले ते वर आलेच नाही. तार चढलेली ती चढलेलीच. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी मंचाजवळ येऊन विचारले, "सर, हे बिघडलंय की असंच असतं?" मी भाईदासला सगळ्या वऱ्हाडासमोर विचारले, तेल तू घातलेस का? तो म्हणाला, "हा सर, मीच टाकं. मनी चूक शे." त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. रागाने त्या पायडललाही हात लावला नाही, उरलेल्या दोनांवर वाजवत राहिलो. भागाबाई मात्र मला न सांगता दर उन्हाळ्यात त्याच्या घरी वाळवणातले ज्वारीचे बिबडे पाठवायची.

बंद पायडल मागे ठेवून ऑपरेशनला जाणे जिवाला लागले, म्हणून आज सकाळी तिसरी सळई काढली. तेलाचा थेंब नाही. आसात लाल-पिवळा लगदा वाळून दगड झालेला, त्यात नारळाची शेंडी. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. जामनेरच्या लग्नाच्या आधी भागाबाईने माझ्या गिटारीची केली. वर हळदकुंकू वाहिले, त्यावर नारळ फोडला. ते पाणी आत उतरले. त्या दिवशी भाईदास आमच्याकडे जेवायला होता. त्याने पाहिले असणार.

मी चादरीवर बसून रडलो. मग तो लगदा खरवडून काढला. आठवण म्हणून ठेवला असता तर पायडल हलले नसते.

नंतर फोन केला. म्हटले, "भाईदास, तेल तू टाकंच नव्हतं."

तो म्हणाला, "वहिनीना हातनं जेयेल शे मी, सर. तिले तुमन्या शिव्या कश्या खाऊ देऊ?"

मग त्यानेच विचारले, "बठ्ठी खोली का?"

"बठ्ठी. एकेक भाग सुटा चादरवर पडेल शे."

"आते हात नका लावा. मी येस."

कलम ५. म्हणून ही गिटार, सळया, कांडी व तारांच्या पुड्यांसह, भाईदास वाडिले यांना देत आहे. किरण व सुलक्षणा यांनी हरकत घेऊ नये.

येथपर्यंत लिहिले आणि भाईदास आला. केस सगळे पांढरे. चहाही न घेता चादरीवर बसला. सळया जोडल्या, तारा चढवल्या, तिसरे पायडल हाताने दाबले. ते खाली गेले आणि वर आले. मी एकदा वाजवले. पलीकडून भिंतीवर ठोसा आला. साक्षीसाठी हेमराजभाऊंना हाक मारायचीच होती, ती मारली.

हेमराजभाऊंनी सही केली. दुसरा साक्षीदार येईपर्यंत मी भाईदासला कलम ५ वाचून दाखवले. सांगितले की तुझी सही चालणार नाही. वकिलांनी बजावले आहे, ज्याला द्यायचे त्यालाच साक्षीला घेतले तर दिलेले बाद होते.

"सही करी तर गिटार मले मिळाव नही?"

"नाही मिळणार."

त्याने माझ्या हातातून पेन घेतले आणि सही ठोकली. म्हणाला, "आते नाशिकथून परत येनंच पडी, सर. दुसरं लिहानं पडी."

मृत्युपत्र करणार: प्रेमराज पितांबर बोरसे

साक्षीदार:
१. हेमराज चौधरी, देवपूर, धुळे
२. भाईदास वाडिले, नरडाणा. वाचून, समजून, मुद्दाम सही केली.

ठिकाण: धुळे
तारीख: १८ जानेवारी २०२५