माझा प्रयोग आणि तुझा फोन

पवई

दादा, जयभीम.

प्रयोग जमला. काल माझ्या गाईड नाडकर्णी मॅडमनी स्वतः पडताळून सांगितलं. जीवाणूचं जनुक चालू व्हायचं तर सिग्मा नावाच्या प्रथिनाला त्या जनुकाच्या आधीचा डीएनएचा तुकडा ओळखावा लागतो. त्यातलं एकच अक्षर मी बदललं. सिग्माला तुकडा ओळखू आला नाही, जनुक बंद राहिलं.

मग मॅडम म्हणाल्या, "पेढे कुठेत गं? लग्न ठरलं, तू पीएचडी सोडतेयस, असं तुझ्या भावाने फोन करून सांगितलं. पुढचं काम आपल्या लॅबमधल्या सौरभला देतेय."

कुणी सांगितलं होतं रे तुला हा फोन करायला? मुलगा मी पाहिलेलाही नाही.

जेवण नीट आहे, आईला सांग. तिच्या गुडघ्याला तेल लावतोस, की तेही मीच येऊन करायचं ठरवलंयस?

मॅडमना मी खरं सांगितलंय. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. सोमवारी त्या फोन करतील. माझा उचलत नाहीस, त्यांचा उचलशील. खरं बोललास तर काम माझ्याकडे राहील. खोटं बोललास तर सौरभकडे जाईल, आणि मी तरीही घरी येणार नाही.

आईची,
मनाली