मागे येताना लागणारा ब्रेक

गुरुवार, गुदैबियातलं गॅरेज

डोकं अजून तापलेलंच आहे. शेखसाहेबांच्या शंभर वर्षं जुन्या गाडीचा सर्व्हो ब्रेक गिअरबॉक्सच्या फिरण्यातून जोर घेतो, पण फक्त पुढे जाताना. मागे येताना पेडल दाबून पाय दुखतो, गाडी थांबत नाही. मी महिनाभर खपून एक जादा दांडा बसवला, आता दोन्हीकडे जोर मिळतो. तर आमचा मॅनेजर म्हणतो, "निकालो, ओरिजिनल में नहीं था." माणूस चिरडला तरी चालेल?

मी सांगितलं, "निकालता हूँ सर. फिर रॅम्प से रिव्हर्स आप उतारो."

तेवढ्यात शेखसाहेबांचे म्हातारे ड्रायव्हर युसुफचाचा गाडीत बसले, रॅम्पवरून मागे आले आणि मध्येच अलगद थांबले. "खलास, बात खतम, ये रहेगा," म्हणाले.

दांडा राहिला. लगेच मॅनेजरने शेखसाहेबांना फोन लावला, "सर, हमने ब्रेक सुधारा है."

हमने म्हणे.