जावयाला पिक्चर दाखवला

४ जानेवारी
करुणा डब्लिनहून आली. सोबत नवरा, ओवेन. उंच, हसतमुख. पण या लोकांना भावना कमीच, हे माझं निरीक्षण. त्याला एक जुना हिंदी पिक्चर दाखवणार. मुक्ताचा आवडता. लग्नानंतर सिल्लोडच्या टॉकीजला आम्ही दोघांनी पाहिलेला. शेवटी आई मरते. बघू या, रडतो का.
मुक्ता जाऊन वर्ष होत आलं. माझी तब्येत उत्तम. सगळे म्हणतात, पुंडलिकराव खंबीर आहेत.

५ जानेवारी
कुठं पॉज करून काय समजवायचं, ते ठरवलं. आरशासमोर इंग्रजीत रिहर्सल. झकास जमलं.
करुणा म्हणाली, ओवेनला वेरूळ बघायचंय. म्हटलं, लेणी कुठं पळून जातायत?
शेजारच्या साळूबाईंनाही बोलावलं. हॉल भरलेला हवा.

६ जानेवारी, दुपार
इंटरव्हल. पहिल्या गाण्याला जावई हसला. अपेक्षित. मी पॉज करून समजावलं. पुढच्या गाण्यालाही. मग तो हळूच म्हणाला, आता पॉज नको. उद्धटपणा. पण पाहुणा आहे, माफ केलं.

संध्याकाळ
आईच्या सीनला ओवेन ढसाढसा रडला. नाक लालबुंद. साळूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "रड बाबा, लई हलकं वाटतं." त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी मान हलवत होता. त्याही रडत होत्या. करुणासुद्धा.
सबटायटलमध्ये एक स्पेलिंग चुकलं होतं. मी दाखवून दिलं.
करुणा म्हणाली, "पप्पा, आईच्या वेळीपण तुम्ही मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होतात."
कुणीतरी व्यवस्था बघायलाच हवी होती.

७ जानेवारी, सकाळ
निष्कर्ष : ओवेनला प्रवासाचा थकवा. मी पिक्चर आधी पाहिलेला, म्हणून परिणाम कमी. सायंटिफिक आहे.
दोघं वेरूळला गेले. मी नाही म्हटलं. आज एकट्यानं पिक्चर लावणार आणि रीतसर रडणार. इस्त्रीचा रुमाल काढला. दार लावून घेतलं.

संध्याकाळ
आईचा सीन आला. काही नाही. मागं नेऊन पुन्हा लावला. मुक्ताचा चेहरा आठवायला गेलो, तर भिंतीवरचा फोटोच आठवला. बहुधा टीव्हीचा आवाज कमी होता.
दोघं परत आले. टीव्हीवर तोच सीन चालू होता. ओवेननं विचारलं, रडलात का? मी येस म्हणालो.
त्यानं मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. हात कुठं ठेवायचे, कळेना. नुसता उभा राहिलो.