अनवाणी चालता येईल असा डेक

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरोखर साष्टांग घालायला गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील, कारण तीन आठवडे झाले, कंबर माझं ऐकत नाही. तेव्हा खुर्चीत बसून केलेला हा नमस्कार पूर्ण धर.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी गोड खाणं सोडलं, की फक्त तुझ्यासमोर सोडलं?

तू दोन वर्षं आमच्याकडे आली नाहीस. फोन येतो तो हिच्या नंबरावर, आणि मी शेजारीच बसलेला असताना तू हिला विचारतेस की तो बरा आहे ना. कारण सगळ्या गोतावळ्याला तोंडपाठ आहे: आमच्या स्वयंपाकघरामागचा लाकडी डेक, त्याचं तुझ्या टाचेत घुसलेलं कुसळ, आणि ते काढायचं सोडून मी सगळ्यांदेखत, डेकवर चपला घालूनच यायचं असतं या विषयावर दिलेलं व्याख्यान. तू लंगडत गेलीस, आणि जाताना हिला सांगून गेलीस की त्या फळ्यांवर अनवाणी चालता येईल तेव्हाच येईन. ठीक आहे. मीही तुझाच भाऊ आहे. यंदा ठरवलं की फळ्या स्वतःच्या हातांनी नीट करायच्या आणि तुला बोलवायचं. तू नसलीस की घरात माझ्याशी भांडायला तोडीचं माणूस उरत नाही, हेही एक कारण आहे.

सुतारांना नुसतं बघायला बोलावलं. त्यांनी उकिडवं बसून फळ्या टकटक वाजवल्या आणि निदान सांगितलं: आतून ठणठणीत आहेत, वरचा करडा थर घासून काढायचा आणि तेल द्यायचं, दोन दिवसांचं काम. मी म्हटलं, मीच करणार. त्यांनी माझ्या हातांकडे (म्हणजे पस्तीस वर्षं फक्त सह्या केलेल्या हातांकडे) पाहिलं आणि घासायचं मशीन ठेवून गेले. घासण्याआधी वर आलेले स्क्रू आत पिळायचे असतात, हे मला पाचव्या पॉलिश पेपरच्या चिंध्या झाल्यावर कळलं. एकशे बारा स्क्रू आहेत, ताई. मी प्रत्येकाला ओळखतो. मग चार दिवस घासत होतो. भुवयांत भुसा, चहात भुसा, कानात तर इतका की हिचं अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही (तेवढे चार दिवस सुखात गेले). पण खालून लाकडाचा मधासारखा रंग वर आला, तेव्हा मला खरंच भरून आलं.

आता तेल. सुतारांनी बजावलं होतं की हात पातळ द्या आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. तूच सांग, आईच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हे पटेल का? आई आपल्या डोक्यावर तेल थापायची ते कानामागून ओघळेपर्यंत, आणि पुसलं तर धपाटा मिळायचा. मी अख्खा डबा ओतला आणि पुसलं नाही. आठ दिवस डेक वाळला नाही. त्यावर वर्तमानपत्राचं एक पान चिकटलं, माझी एक चप्पल चिकटली, आणि शेजाऱ्यांचं मांजर प्रत्येक पाय उचलताना माझ्याकडे बघून ओरडत पलीकडे गेलं. सुतार आले, वाकून बोट लावलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून." हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग मात्र मी इरेला पेटलो. तो चिकट थर टर्पेंटाइनने सोडवला, खरवडला, सगळा डेक पुन्हा घासला. या खेपेला तेल फडक्याने नुसतं चाटवलं आणि घड्याळ लावून पुसलं. तेलाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात म्हणे, म्हणून ती कुंपणावर पसरून वाळवली. (त्यांत माझा एकुलता एक बरा शर्ट होता, हे नंतर कळलं.) आता डेकवर पाणी पडलं तर थेंब गोळा होऊन उभे राहतात. बघण्यासारखं काम झालंय, एवढंच कळवायचं होतं. आग्रह नाही.

तुझा (हट्टात तुझ्याहून तसूभर कमी)
धाकटा भाऊ

ता. क. या पत्रात कुणी माफी शोधू नये. हा केवळ कामाचा अहवाल आहे.

ता. क. रविवारी सकाळी डेकवर ऊन छान असतं. सहज सांगितलं.

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून हे मी लिहिते आहे. ह्यांचं हे पाचवं पत्र. आधीच्या चारही पत्रांची सुरुवात "ताई, मी चुकलो" अशी होती, आणि चारही फाडून हे पुन्हा फळ्या घासायला गेले. तेल वाळल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ डेकवर अनवाणी फिरतात, एकही फळी न सोडता, मुद्दाम टाचा घासत. टोचलं की मी सुईने कुसळ काढते आणि हे त्या जागी पॉलिश पेपर घेऊन बसतात. आतापर्यंत नऊ निघाली. परवापासून एकही नाही. आता या.